डोंगरावरची मुलाखत

रविवारची सकाळ होती. आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत आम्ही नेहमीप्रमाणे मुलांचे फॉर्म तपासत बसलो होतो. आमची नोकरी कारकुनाची. आठवडाभर फायली, आणि रविवारी ही मुले. तेवढ्यात वस्तीतलीच एक मुलगी वडिलांना घेऊन आली. मुलगी एम.बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. वडील कारखान्यात हेल्पर, आई चार घरची धुणीभांडी करते. मुलीच्या हातात एक छापील यादी होती : ट्रेकिंगचे बूट, पाठीवरची मोठी सॅक, स्लीपिंग बॅग, डोक्याला बांधायचा टॉर्च, पावसाचे जॅकेट, लवकर वाळणाऱ्या कापडाच्या दोन पँटी.

वडील म्हणाले, "भाऊ, पोरगी म्हणती नोकरीच्या मुलाखतीला बोलावलंय. आन् यादी तर पिकनिकची दिसती. आम्ही काय समजायचं?"

आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. यादी दिसली की बेरीज करायची आमची खोड. दुकानातले भाव विचारून बेरीज केली, ती दहा हजारांच्या पुढे गेली. त्या बापाचा चेहरा आम्हाला पाहवला नाही. पण प्रश्न नुसत्या पैशांचा नव्हता. त्याने विचारलेला प्रश्नच महत्त्वाचा होता. हे नेमके काय आहे? सहल की परीक्षा? आणि परीक्षा असेल तर कशाची?

वाचकहो, आज आपल्या वस्त्यांमधून मुलेमुली बी.बी.ए., एम.बी.ए. करू लागली आहेत. घरात पहिल्यांदाच कोणी तरी व्यवस्थापनाचे शिक्षण घेत आहे. अशा मुलांसमोर उद्या ही यादी येणार. म्हणून हा विषय समजून घेणे आपले काम आहे.

सहल नव्हे, परीक्षा

त्या कंपनीने कॉलेजातून तीसेक मुलेमुली निवडली होती. त्यांना तीन दिवस सह्याद्रीत न्यायचे आणि त्यांतून मोजकी नोकरीला घ्यायची, असा बेत. अशा शिबिरात आठ-दहा जणांचे गट करतात. रिकामे पिंप, बांबू आणि दोर देऊन तराफा बांधायला सांगतात. नकाशा देऊन ठरलेली जागा शोधायला लावतात. ओढा ओलांडायचा, तंबू ठोकायचा, स्वयंपाक करायचा. दर वेळी गटाचा प्रमुख वेगळा. बाजूला दोन-तीन माणसे वही घेऊन उभी असतात. ती फारशी बोलत नाहीत. पाहतात आणि लिहितात.

ती पायांची ताकद पाहत नाहीत. कोण सगळ्यांचे ऐकून घेतो, कोण दुसऱ्याचे बोलणे मध्येच तोडतो, बेत फसला की कोण चिडतो, दमलेल्याची सॅक कोण घेतो, प्रमुखपद दुसऱ्याकडे गेल्यावर कोण हात आखडतो, हे ती पाहतात. कंपन्यांचे म्हणणे असे की, टेबलासमोरच्या मुलाखतीत पाठ केलेली उत्तरे देता येतात. पण दोन रात्री अपुरी झोप झालेला, भिजलेला, भुकेला माणूस फार वेळ सोंग आणू शकत नाही. या म्हणण्यात तथ्य आहे, हे आम्ही मान्य करतो. मात्र ते अर्धे सत्य आहे. उरलेले अर्धे कळण्यासाठी ही पद्धत आली कुठून, ते पाहावे लागेल.

बापाचा धंदा काय?

दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला ब्रिटिश सैन्यात अधिकारी निवडायची रीत साधी होती. उमेदवाराला काही मिनिटांच्या मुलाखतीला बोलवायचे. शाळा कोणती, वडील काय करतात, खेळ कोणते खेळतोस, हे विचारायचे. बड्या शाळेतला, बड्या घरचा मुलगा असेल तर समोरच्या साहेबाला तो आपल्यातला वाटायचा. पण युद्ध वाढले, अधिकारी हजारोंनी लागू लागले, आणि असे निवडलेले पुष्कळ जण प्रशिक्षणातच नापास होऊ लागले. मजुरांच्या, कारकुनांच्या घरांतली हुशार मुले मात्र अर्जच करीत नव्हती. आपल्याला कोण घेणार, असे त्यांना वाटायचे. बंधुभगिनींनो, ही भावना आपल्याला का अनोळखी आहे?

तेव्हा १९४२ मध्ये ब्रिटनमध्ये नवी निवड मंडळे सुरू झाली. जर्मन सैन्यात तसले प्रयोग आधी झालेले होते. ब्रिटनमध्ये जनरल रोनाल्ड अ‍ॅडम यांनी या कामाला पाठबळ दिले, आणि विल्फ्रेड बियॉन यांच्यासारखे मानसोपचारतज्ज्ञ त्यात होते. उमेदवारांना गावाबाहेरच्या एखाद्या मोठ्या घरात काही दिवस ठेवायचे. त्यांचा एक गट करायचा, त्याला काम द्यायचे, पण प्रमुख नेमायचा नाही. समजा, ओंडके आणि दोर देऊन पूल बांधायला सांगितला, तर तो बांधताना कोण कसा वागतो ते पाहायचे. बापाच्या धंद्यापेक्षा मुलाचे वागणे पाहावे, हा त्यामागचा विचार. त्याने तिथला वर्गभेद संपला असे नाही, पण निदान बंद दार किलकिले झाले.

हे आम्ही मुद्दाम सांगतो आहोत. मैदानावरची ही परीक्षा श्रीमंतांच्या हौसेतून निघालेली नाही. जन्माचा शिक्का बाजूला ठेवून माणूस पाहता यावा, म्हणून ती निघाली. आपल्या लोकांना लष्करातला जन्माचा शिक्का चांगला ठाऊक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'लढवय्या जाती' ठरवून इंग्रजांनी महारांची लष्करभरती बंद केली होती. ज्यांनी पिढ्यान्पिढ्या लढाया केल्या, त्यांना कागदावर एका रेघेने नालायक ठरवले गेले. बाबासाहेबांना त्या बंदीविरुद्ध झगडावे लागले आणि १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. माणसाची परीक्षा न घेताच त्याची लायकी ठरवणे म्हणजे काय, हे आपल्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही.

नाव नाही, नंबर

ब्रिटनमधली ही पद्धत १९४३ मध्ये देहरादूनला आली. आज तिलाच आपण एस.एस.बी. म्हणतो. सैन्यात अधिकारी होण्यासाठी सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्डाची जी पाच दिवसांची निवड होते, ती हीच. पहिल्या चाळणीतून पार पडलेल्या उमेदवाराच्या छातीवर नंबर बांधतात आणि मैदानावर त्याला त्या नंबरानेच हाक मारतात. फळी, ओंडका, दोर देऊन अडथळे पार करायला लावतात. अमुक रंगाच्या खांबाला हात लावायचा नाही, जमिनीला पाय टेकवायचा नाही, असे नियम असतात. मैदानावरचा अधिकारी, मुलाखत घेणारा अधिकारी आणि मानसशास्त्रज्ञ हे तिघे आपापले मत स्वतंत्रपणे बनवतात आणि शेवटच्या दिवशी एकत्र बसतात.

अमेरिकेनेही युद्धकाळात हेरखात्याची माणसे निवडताना असेच केले. १९४३ च्या अखेरीस वॉशिंग्टनजवळ फेअरफॅक्स येथील एका मळ्यात हे केंद्र सुरू झाले. तिथे येणाऱ्याला आपले खरे नाव सांगायला बंदी होती. कोणी मोठा वकील असो की साधा शिपाई, सर्वांना सारखे सैनिकी कपडे आणि एक खोटे नाव मिळायचे. एका परीक्षेत लाकडी दांड्यांचा मोठा सांगाडा दहा मिनिटांत उभा करायचा असे आणि मदतीला दोन माणसे दिली जात. ती माणसे केंद्राचीच असत. एक काम टाळायचा, दुसरा टोमणे मारायचा. त्या दहा मिनिटांत एकाही उमेदवाराला काम पुरे करता आले नाही. पुरे व्हावे असा हेतूच नव्हता. सारे बिघडत असताना माणूस कसा राहतो, एवढेच पाहायचे होते.

सारखे कपडे आणि नावाऐवजी नंबर, हे दोन नियम लक्षात ठेवा. आपल्या देशात आडनाव उच्चारले की समोरचा माणूस मनातल्या मनात आपल्याला एका खणात टाकतो. कित्येक मुलांची मुलाखत आडनाव सांगताच निम्मी संपलेली असते. म्हणून छातीवरचा तो नंबर आम्हाला मोलाचा वाटतो.

व्यापाराच्या शाळेत डोंगर कसा आला?

युद्ध संपल्यावर ही पद्धत कंपन्यांकडे गेली. अमेरिकेतील ए.टी. अँड टी. या टेलिफोन कंपनीत डग्लस ब्रे यांनी १९५६ मध्ये तरुण नोकरदारांची अशी परीक्षा सुरू केली. निकाल मात्र वरिष्ठांपासून लपवून ठेवले, म्हणजे त्यांचा बढतीवर परिणाम होऊ नये आणि काही वर्षांनी ताळा पाहता यावा. पुढे अनेक कंपन्यांनी ही रीत उचलली.

डोंगराचा धागा दुसरीकडून आला. नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडावी लागलेले कुर्ट हान नावाचे ज्यू शिक्षक होते. त्यांनी जहाज कंपनीचे मालक लॉरेन्स होल्ट यांच्या मदतीने १९४१ मध्ये वेल्समधील अ‍ॅबरडोव्ही येथे 'आउटवर्ड बाउंड' ही शाळा काढली. समुद्र, डोंगर आणि कष्ट यांतून तरुणांना घडवायचे, हा तिचा हेतू. अमेरिकेत गिर्यारोहक पॉल पेटझोल्ट यांनी १९६५ मध्ये रानात नेतृत्व शिकवणारी संस्था काढली. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या व्हार्टन या नामांकित बिझनेस स्कूलने तर विद्यार्थ्यांना अंटार्क्टिकापासून अँडीज पर्वतापर्यंत नेले. तिथे रोज नवा विद्यार्थी प्रमुख होतो आणि संध्याकाळी सारे बसून दिवसभरात काय चुकले ते मोकळेपणाने बोलतात.

आपल्या देशात बचेंद्री पाल यांनी २३ मे १९८४ रोजी एव्हरेस्ट सर केले. त्या शिखरावर पोहोचलेल्या त्या पहिल्या भारतीय महिला. त्याच वर्षी टाटा स्टीलने साहसासाठी वेगळी संस्था काढली आणि ती अनेक वर्षे बचेंद्रीबाईंनीच चालवली. इंदूरच्या आय.आय.एम.नेही विद्यार्थ्यांना हिमालयात नेण्याचा कार्यक्रम चालवला आहे.

पण इथे एक फरक नीट ओळखला पाहिजे. आउटवर्ड बाउंड असो की व्हार्टन, डोंगर हा तिथे शिकवण्यासाठी आहे. चुकलात तर चुका, संध्याकाळी बोलू, उद्या सुधारा. नोकरीसाठी नेतात तिथे डोंगर हा निकालासाठी असतो. चुकलात तर वहीत नोंद झाली आणि गाडी पुढे गेली. शाळा आणि परीक्षा हॉल या दोन वेगळ्या जागा आहेत. कंपन्या पोस्टर लावतात शाळेचे आणि भरवतात परीक्षा. आमचा पहिला आक्षेप इथे आहे.

पाहणाऱ्याचे डोळेही फसतात

दुसरा आक्षेप आमचा नाही, नोबेल मिळालेल्या माणसाचा आहे. डॅनियल काहनेमन हे मानसशास्त्रज्ञ. २००२ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, आणि २०२४ मध्ये ते गेले. एकविशीच्या उमरीत ते इस्रायलच्या सैन्यात होते. ब्रिटिशांकडून आलेली हीच परीक्षा घेणे हे त्यांचे काम. आठ अनोळखी उमेदवार, अंगावर हुद्द्याची खूण नाही, फक्त नंबर. सर्वांनी मिळून एक लांब ओंडका सहा फुटी भिंतीपलीकडे न्यायचा. ओंडका भिंतीला किंवा जमिनीला लागला की पुन्हा पहिल्यापासून. काहनेमन आणि त्यांचा सोबती बाजूला उभे राहून पाहत. थोड्याच वेळात त्यांची खात्री होई की हा खरा नेता, तो हट्टी, हा पळपुटा. सारे कसे डोळ्यांसमोर लख्ख!

पुढे अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षण शाळेतून ताळा आला, तेव्हा कळले की त्यांचे अंदाज आंधळेपणाने केलेल्या अंदाजापेक्षा जेमतेम बरे होते. आणि गंमत अशी की, हे कळल्यावरही दुसऱ्या दिवशी नवे उमेदवार आले, ओंडका उचलला गेला, आणि यांना पुन्हा तशीच खात्री वाटू लागली. स्वतःच्या चुकीची ही कबुली त्यांनी पुढे आपल्या २०११ च्या पुस्तकात दिली. एवढा मोठा माणूस असे लिहितो, आणि आपल्याकडे दोन दिवसांचे प्रशिक्षण घेतलेला निरीक्षक एका मुलीच्या नावापुढे 'नेतृत्वगुण नाही' असे लिहून मोकळा होतो!

अमेरिकेतील एडवर्ड थॉर्नडाइक यांनी तर १९२० मध्येच दाखवून दिले होते की, लष्करी अधिकारी ज्या सैनिकाला देखणा, धडधाकट ठरवत, त्यालाच बुद्धी आणि चारित्र्याचेही जादा गुण देत. म्हणजे एक गोष्ट आवडली की बाकी साऱ्या आवडतात. ज्याचे इंग्रजी झोकदार, बूट भारी आणि सॅक सफाईने बांधलेली, तो मुलगा हुशारही वाटतो, प्रामाणिकही वाटतो आणि नेताही वाटतो.

मग यावर उपाय? तोही काहनेमन यांनीच त्या काळात शोधला. सैनिकांच्या मुलाखतीसाठी त्यांनी सहा गुण ठरवले. प्रत्येकाला त्याच्या आयुष्यातल्या खऱ्या गोष्टींबद्दल तेच प्रश्न विचारायचे, एका गुणाचे गुण टाकून झाल्याशिवाय दुसऱ्याकडे जायचे नाही आणि शेवटी बेरीज करायची. निकाल पहिल्यापेक्षा बराच सुधारला. आमच्यासारख्या बी.कॉम. झालेल्याला ही गोष्ट फार पटली. खाते वेगवेगळे ठेवा, नोंद त्याच दिवशी करा, बेरीज शेवटी करा. हिशेबाचा हा नियम माणसाच्या परीक्षेलाही लागू पडतो.

त्या मुलीचे काय झाले?

ती गेली. बूट अभ्यासिकेतल्या एका मुलाच्या मावसभावाकडून मिळाले, अर्धा नंबर मोठे. सॅक एन.सी.सी.तल्या एका मुलीने दिली. स्लीपिंग बॅगऐवजी आईने घरची चादर शिवून पिशवी करून दिली. उरलेल्या सामानासाठी बचत गटातून दोन हजार काढले. वडिलांनी नाही म्हटले नाही, हे विशेष.

पहिल्याच दिवशी टाच सोलली. गटातली निम्मी मुले लहानपणापासून उन्हाळी शिबिरांना जाणारी, पोहता येणारी, दोराच्या गाठी माहीत असलेली. बेत इंग्रजीत ठरत होते, आणि हिने एक वाक्य जुळवेपर्यंत चर्चा पुढे गेलेली असे. तिला इंग्रजी येते, पण भांडणाचे इंग्रजी येत नाही. दुसऱ्या दिवशी ओढा ओलांडताना एक मुलगा घाबरला. ही त्याच्याबरोबर मागे थांबली, त्याचे सामान घेतले आणि त्याला धीर देत पलीकडे आणले. निरीक्षक तेव्हा पुढे होते, तराफ्याजवळ. रात्री चूल पेटेना, ती हिनेच पेटवली. त्याला मात्र कोणी नेतृत्व म्हटले नाही. स्वयंपाक मुलीला येतोच, असे सर्वांनी धरून चालले.

तिसऱ्या दिवशी तिला सांगण्यात आले, "पुढाकार कमी पडतो." तिने धीर करून विचारले, "सर, ओढ्यापाशी मी काय केलं, ते लिहिलंय का?" वहीत तशी नोंद नव्हती. निवड झाली नाही.

मुलगी घरी आली ती आठ दिवस कोणाशी बोलली नाही. आईने आम्हाला निरोप पाठवला. आम्ही गेलो आणि तिला त्या ओंडक्याची आणि काहनेमनची गोष्ट सांगितली. म्हटले, बाई, ज्याने ही परीक्षा स्वतः घेतली, तोच म्हणतो की आमचा निकाल खरा नव्हता. तू कशाला तो कपाळावर कोरून घेतेस? ती पहिल्यांदा हसली. पुढे चार महिन्यांनी एका दुसऱ्या कंपनीत साध्या लेखी परीक्षेने आणि मुलाखतीने तिला नोकरी लागली. हा काही चमत्कार नव्हे. पण ते आठ दिवस आम्ही विसरलेलो नाही. आपल्या किती मुलांचे असे आठ दिवस आठ वर्षे होतात, ते आपण जाणतो.

आधी शिकवा, मग तपासा

कोणी म्हणेल, तुमच्या मुलांना डोंगर झेपत नाही म्हणून तुम्ही डोंगरालाच नावे ठेवता. तसे नाही. २५ मे २०१४ रोजी मालावत पूर्णा आणि साधनापल्ली आनंद कुमार हे दोन विद्यार्थी एव्हरेस्टवर पोहोचले. पूर्णा आदिवासी मुलगी, तेव्हा तिला चौदावे वर्षही पुरे झाले नव्हते. आनंद दलित कुटुंबातला. दोघेही आजच्या तेलंगणातील सरकारी समाजकल्याण निवासी शाळांचे विद्यार्थी. आधी भोंगीरच्या खडकावर त्यांना चढाई शिकवली, मग दार्जिलिंग आणि लडाखला नेले, आणि मगच एव्हरेस्ट. आपल्या महाराष्ट्रातही मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांच्या पाच आदिवासी विद्यार्थ्यांनी एव्हरेस्ट सर केले. आदिवासी विकास विभागाने त्यांनाही आधी प्रशिक्षण दिले होते.

यातून काय दिसते? ताकद, धैर्य, चिकाटी यांत आपली मुले कुठेच कमी नाहीत. संधी आणि सराव कमी पडतो. न शिकवता घेतलेल्या परीक्षेत गुण तपासले जात नाहीत, बापाचा खिसा तपासला जातो. म्हणजे १९४२ मध्ये जो प्रश्न दारातून बाहेर काढला, तोच बूट घालून खिडकीतून आत येतो : बापाचा धंदा काय?

आणि साहसाच्या नावाखाली वाटेल ते करू देऊ नये, हेही सांगितले पाहिजे. जून २०२२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये झुरिकजवळ एका कंपनीच्या कार्यक्रमात नोकरदारांना निखाऱ्यांवरून चालायला लावले. पंचवीस जणांचे पाय भाजले. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात ऑफिसातले पंधरा जण चौदा हजार फुटांहून उंच शवानो पर्वतावर गेले. एक जण मागे राहिला आणि बाकीचे उतरून आले. वाट कळावी म्हणून ठेवलेल्या वस्तूही आधी उतरणाऱ्यांनी उचलून आणल्या होत्या. तो माणूस पावसा-वाऱ्यात रात्रभर डोंगरावर अडकला आणि दुसऱ्या दिवशी बचाव पथकाला सापडला. एकजूट वाढावी म्हणून नेलेले लोक आपला एक माणूस मोजायला विसरले! आम्हाला विचाराल तर गटाची पहिली परीक्षा हीच, की शेवटचा माणूस आला का.

आता आपण काय करायचे?

पालकांनी अशी यादी आली की घाबरू नये आणि मुलांवर रागावूही नये. पत्र नीट वाचावे. सामान संस्था देणार का, हे लेखी विचारावे. सॅक आणि बूट भाड्याने मिळतात, मागूनही मिळतात. मुलीला पाठवताना राहण्याची सोय कुठे, सोबत महिला प्रशिक्षक आहे का, शौचालयाची व्यवस्था काय, जवळचे रुग्णालय कोणते, हे विचारण्यात कमीपणा नाही. सही करण्याआधी जोखमीचा कागद पूर्ण वाचावा. दमा, फिट, हृदयाचा त्रास असेल तर लपवू नये. पोहता येत नसेल तर स्पष्ट सांगावे; तो गुन्हा नव्हे.

विद्यार्थ्यांनी अकरावीपासूनच एन.सी.सी. किंवा एन.एस.एस.मध्ये नाव घालावे. तिथे शिबिरे होतात आणि खर्च नाममात्र असतो. युथ हॉस्टेल्स असोसिएशनच्या मोहिमा परवडणाऱ्या असतात. ज्यांना सैन्यात जायचे त्यांच्यासाठी छत्रपती संभाजीनगरला राज्य सरकारची सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था १९७७ पासून आहे, तिची चौकशी करावी. नवे बूट शिबिराच्या दिवशी पहिल्यांदा घालू नयेत. महिनाभर आधी घालून चालावे. तीन गाठी शिकाव्यात, नकाशावर उत्तर दिशा ओळखावी. आणि गटात बोलायचा सराव करावा. ओरडायची गरज नाही. "आपल्याकडे वेळ किती आहे?", "हिला काही सांगायचे आहे, ऐकू या", "शेवटचा माणूस आला का?" ही तीन वाक्ये कोणत्याही भाषेत, वेळेवर म्हणणारा माणूस गटाला पुढे नेतो. आपण केलेले काम संध्याकाळच्या बैठकीत स्वतः सांगावे. ती बढाई नव्हे, ती नोंद आहे. न नोंदवलेले काम हिशेबात धरले जात नाही, हे आम्ही पंचवीस वर्षे ऑफिसात पाहत आलो आहोत.

कॉलेजांनी आणि कंपन्यांनीही चार गोष्टी कराव्यात. बूट-सॅक सर्वांना सारखे द्यावे. आडनावाऐवजी नंबर वापरावा. पहिला दिवस शिकवण्याचा ठेवावा, गुण दुसऱ्या दिवसापासून द्यावेत. प्रत्येक गुणाची नोंद वेगळी, आणि निरीक्षक एकापेक्षा अधिक असावेत. यात फार खर्च नाही. आपल्या माजी विद्यार्थ्यांनी, संघटनांनी ही मागणी कॉलेजांकडे लेखी करावी. नुसते चहाच्या टपरीवर बोलून काही होत नाही.

आमच्या अभ्यासिकेने आपल्यापुरती सुरुवात केली आहे. महिन्यातून एक रविवार मुले लोकलने मळवलीला उतरतात. आधी भाजे लेणी पाहतात, मग लोहगड चढतात. सोबत डबे घरचे असतात आणि दोर अभ्यासिकेचा. अभ्यासिकेने वर्गणी काढून सहा जोड बूट घेतले आहेत, वेगवेगळ्या नंबरांचे. ज्याला शिबिराचे बोलावणे येईल त्याने वहीत सही करून न्यायचे आणि धुऊन परत आणायचे.

या रविवारच्या तुकडीची प्रमुख तीच मुलगी आहे. परवा लोहगडावरून उतरताना ती सर्वांच्या मागे होती. मळवली स्टेशनच्या फलाटावर तिने मुले मोजली. एकवीस गेली होती, एकवीस आली. मग तिने वही काढली आणि कोणी काय केले ते प्रत्येकाच्या नंबरापुढे लिहून ठेवले.